'ऑन द बीच' : बघणाऱ्याला चार शब्द

१. स्फोटाची वाट बघत बसू नका. स्टॅन्ली क्रेमरच्या या १९५९च्या चित्रपटात अणुयुद्ध आधीच होऊन गेलंय. उत्तर गोलार्ध संपलाय, आणि वाऱ्याबरोबर किरणोत्सर्ग मेलबर्नकडे सरकतोय. पडद्यावर ना बॉम्ब, ना प्रेत. पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून सान फ्रान्सिस्कोचे रिकामे रस्ते दिसतात, बस्स. तरीही मला झोप लागली नव्हती.

२. सान डिएगोच्या प्रसंगात जागचे हलू नका. तिथून तुटक, अर्थ न लागणारे मोर्स संदेश येत असतात. कुणीतरी जिवंत असेल म्हणून पाणबुडी पॅसिफिक ओलांडून जाते. संरक्षक पोशाख घातलेला एक नौसैनिक किनाऱ्यावर उतरतो, आवाजाचा माग काढत खोलीत शिरतो. खिडकीच्या पडद्याच्या दोरीत कोकाकोलाची बाटली अडकलेली. वारा आला की पडदा फुगतो, बाटली हलते आणि तारयंत्राची कळ दाबली जाते. माणूस नाहीच. पुढे काय होणार हे पाठ असूनही, तो दार उघडतो तेव्हा दर वेळी वाटतं, आज तरी कुणी असेल.

३. मेरी या तरुण आईवर चिडू नका. सरकार यातनांशिवाय मरण देणाऱ्या गोळ्या वाटतंय आणि ही त्यांचं नावही काढू देत नाही. घरात तान्ही मुलगी आहे. मी बाप झाल्यापासून हा भाग मला बघवत नाही.

४. फ्रेड अस्टेअर इथे नाचत नाही. तो शास्त्रज्ञ झालाय. युद्ध कुणी सुरू केलं, या प्रश्नावर तो कुठल्याच देशाचं नाव घेत नाही. जी शस्त्रं वापरणं म्हणजे आत्महत्या, त्यांच्याच जोरावर शांतता टिकेल असं माणसं समजत गेली, असा त्याच्या बोलण्याचा रोख. सगळा चित्रपट या उत्तरात आहे, आणि ते आजही खोडता येत नाही.

५. जुना, कृष्णधवल म्हणून टाळू नका. चित्रीकरणासाठी अमेरिकी नौदलाने आपली अणुपाणबुडी द्यायला नकार दिला, म्हणून ब्रिटिश पाणबुडी वापरावी लागली. तरीही १७ डिसेंबर १९५९ला जगातल्या अनेक शहरांत तो एकाच दिवशी झळकला, अगदी मॉस्कोतही. घरातल्या कॉलेजच्या मुलांना शेजारी बसवून बघा, आणि नंतर ती जे विचारतील ते टाळू नका.