अभ्यासपाठ : झाडांना नावाने ओळखणारे फादर सांतापाव

वाचन : उत्पत्ती २:१८-२०, १ राजे ४:२९-३४



या तिमाहीच्या पाठासाठी मी फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचे जीवन निवडले आहे. ते येशूसंघीय धर्मगुरू होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञही होते. आदिवासी सेवेच्या पत्रिकेत वनस्पतिशास्त्रज्ञाचे काय काम, असे काहींना वाटेल. म्हणून आधी त्यांचे कार्य पाहू आणि मग आपल्या सेवेकडे वळू.

जीवन आणि कार्य

फादरांचा जन्म १९०३ साली स्पेनमध्ये झाला. १९२८ साली ते भारतात आले. पुढे लंडनला वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेऊन १९४० साली ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवू लागले. तेथे फादर एथेलबर्ट ब्लाटर या स्विस धर्मगुरूंनी वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह उभा केला होता. तो वारसा सांतापाव यांनी पुढे नेला.

त्यांच्या कामाची रीत साधी, पण कष्टाची होती. रानात जायचे, फुलाफळासह फांदी घ्यायची, टिपकागदात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली नाव, ठिकाण व तारीख लिहायची. खंडाळ्याच्या डोंगरात ते वर्षानुवर्षे फिरले. १९५३ साली त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ निघाला. १९५४-५५ मध्ये त्यांनी डांगच्या आदिवासी मुलखातील जंगलाच्या वनस्पतींची नोंद प्रसिद्ध केली. सह्याद्रीतील कारवी कित्येक वर्षांनी एकदाच फुलते. तिच्या या सामूहिक फुलण्यावरही त्यांनी लिहिले. असा अभ्यास एका सहलीत होत नाही. त्याच डोंगरावर पुन्हा पुन्हा जावे लागते.

१९५४ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्रचना झाली. पुढे फादर तिचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ आणि नंतर संचालक झाले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७० साली मुंबईत ते प्रभूच्या विसाव्यात गेले. वनस्पतींच्या एका प्रजातीला शास्त्रज्ञांनी ‘सांतापावा’ हे नाव दिले. सामान्य वाचकासाठीही त्यांनी आपल्याकडच्या नेहमीच्या झाडांवर पुस्तक लिहिले.

नाव इतके महत्त्वाचे का?

बाजारात ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. शास्त्रात एक बाकोपा, दुसरी सेन्टेला. औषधाच्या बाबतीत असा गोंधळ अंगाशी येऊ शकतो. संग्रहातील वाळलेली फांदी अशा वेळी साक्षीदार असते. शंभर वर्षांनीही कोणीही ती काढून आपल्या हातातल्या पानाशी ताडून पाहू शकतो. सांतापाव यांच्या विद्वत्तेचे मोल मला येथे दिसते. पुढच्या अभ्यासकाला भरवसा ठेवता येईल असे काम त्यांनी मागे ठेवले.

याच सर्वेक्षण संस्थेतील डॉ. सुधांशुकुमार जैन यांनी बस्तरच्या आदिवासींकडे बसून त्यांची औषधी वनस्पतींची माहिती शास्त्रीय नावांसह लिहून घेतली. विद्वान शिकायला आला आणि अंगणात बसलेली म्हातारी गुरू झाली. आपल्या सेवेला हा धडा फार जवळचा आहे.

आपल्यासाठी

आमच्या धामणगाव बढ्याहून उत्तरेला पूर्णेचे खोरे ओलांडले की सातपुडा लागतो. तेथील कोरकू, भिल्ल, निहाल बांधवांना मोह, सालई, धावडा, चारोळी ही झाडे घरच्या माणसांसारखी माहीत आहेत. पण हे ज्ञान तोंडी आहे. जाणता म्हातारा गेला की ते त्याच्याबरोबर मातीत जाते. मुले वसतिगृहात शिकतात, हे चांगलेच आहे. पण आजोबांचे रान त्यांच्या पुस्तकात नसते.

कायद्याने वाट दिली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावाला लोकजैवविविधता नोंदवही ठेवता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी आणि पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. ज्याची नोंद आहे त्यावर हक्क सांगणे सोपे जाते. म्हणून आपण तांदूळ, चादरी नेतो तेव्हा एक वहीही न्यावी. मात्र ती वही गावाची राहावी. काय लिहायचे आणि काय नाही, हे गावाने ठरवावे.

देवाने आदामापुढे प्राणी आणले ते नावे ठेवण्यासाठी. शलमोनाच्या ज्ञानात उंच गंधसरूला जागा होती, तशी भिंतीवरच्या क्षुद्र एजोबालाही. ज्याच्यावर प्रेम करायचे त्याचे नाव आधी नीट शिकावे लागते. हे झाडाला लागू आहे आणि पाड्यावरच्या माणसालाही.

चर्चेसाठी

१. आपल्या आवारातील किती झाडांची नावे आपल्याला सांगता येतात?
२. ज्या कुटुंबांना आपण मदत करतो, त्यांच्याकडून आपण काय शिकलो?
३. आपल्या मंडळीतील कोणते ज्ञान केवळ वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे? ते कोण लिहून घेईल?

प्रार्थना : सातपुड्यातील जाणत्या वडीलधाऱ्यांसाठी, आणि त्यांच्याजवळ बसून ऐकण्याचा धीर आपल्या तरुणांना मिळावा म्हणून.