सांडपाण्याचं तळं

न्हाणीतलं, मोरीतलं, भांडी घासल्याचं पाणी गटारानं वाहत जातं. पण पुढं जातं कुठं? बऱ्याच गावांत ते वेशीपाशी साचतं. पावसाळ्यात तेच पाणी विहिरीत उतरतं आणि घरोघरी जुलाब, कावीळ सुरू होते.

हे पाणी निवळण्याची एक रीत आज आपण समजून घेऊ. तिला वीज लागत नाही, यंत्रही लागत नाही.

गावाबाहेर गटाराच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी बसवतात. चिंध्या, पाला, पिशव्या तिथं अडतात. मग पाणी एका हौदात येतं. तिथं त्याची धाव मंदावते. वाळू, राख तळाशी बसते. तिथून पाणी तळ्यात जातं. तळं तीन ते पाच फूट खोल असतं. तळाला चिकणमाती चोपून बसवतात, म्हणजे पाणी झिरपून विहिरीकडं जात नाही.

खरं काम या तळ्यात होतं. जंतू म्हटलं की आपण बिचकतो. पण दुधाचं दही कोण करतं? जंतूच ना! तळ्यातही असेच कामाचे जंतू असतात. पाण्यातली घाण हेच त्यांचं अन्न. ते पचवायला त्यांना प्राणवायू लागतो. तो देतं शेवाळ. ऊन पडलं की शेवाळ प्राणवायू सोडतं आणि जंतूंनी सोडलेला कर्बवायू स्वतः घेतं. दोघं एकमेकांना पोसतात. पाणी आठ-पंधरा दिवस तळ्यात राहिलं की घाण पुष्कळ कमी होते. आपल्याकडं ऊन भरपूर, म्हणून ही रीत आपल्याला मानवते. नागपूरला १९५८ साली निघालेल्या केंद्रीय संस्थेनं अशा तळ्यांचा अभ्यास केला आहे. तिला आज 'नीरी' म्हणतात.

पाणी हिरवं दिसलं तर तळं जिवंत आहे असं समजावं. काळं पडून वास मारू लागलं तर काहीतरी बिघडलं. कुणी फवारणीचा पंप गटारात धुतला असेल. त्या औषधानं जंतू आणि शेवाळ दोन्ही मरतात. नाहीतर गोठ्याचं शेण लोटलं असेल. मग अन्न इतकं होतं की प्राणवायू पुरत नाही.

जाळी मात्र रोज साफ केली पाहिजे. तुंबली की पाणी उलटं गल्लीत येतं. तळ्याचा नारळ फोडायला सारा गाव जमतो, जाळी काढायला कुणी फिरकत नाही! पंचायतीनं त्यासाठी मजुरी द्यावी, हातमोजे आणि गमबूट द्यावेत. ठराविक घरांच्याच माथी हे काम मारणं आम्हांला मुळीच पसंत नाही.

काठचं गवत काढत राहावं, कारण डास तिथंच अंडी घालतात. तळ्यात गप्पी मासे सोडावेत, ते डासांच्या अळ्या खातात. पोरंटोरं आत पडू नयेत म्हणून भोवती कुंपण हवं.

तळ्यातून बाहेर पडणारं पाणी झाडांना, गुरांच्या चाऱ्याला चालतं. पिण्याला मुळीच चालत नाही. मेथी, कोथिंबीर, मुळा यांनाही ते देऊ नये. या भाज्या आपण कच्च्या खातो, आणि रोगाचे थोडे जंतू त्या पाण्यात उरलेले असतात.