चिठ्ठीवरचा टायफॉईड

पोरी, शिंदखेड्यात कानबाईचे रोट होऊन गेले की तापाची रांग लागते, आणि ती दसऱ्यापर्यंत हटत नाही. तू ग्रामीण रुग्णालयात नेमकी याच दिवसांत रुजू होते आहेस. येणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एक चिठ्ठी असेल आणि तिच्यावर ‘टायफॉईड’ लिहिलेलं असेल. सोबत विडालचा रिपोर्ट, दोन सलाईनची खूण आणि गावात दिलेल्या इंजेक्शनची कहाणी. चिठ्ठी वाच, बाजूला ठेव, आणि माणसाला पहिल्या दिवसापासून विचारायला लाग. ‘काय दुखस माय? कव्हयपासून?’ एवढ्या दोन प्रश्नांना पाच मिनिटं दे. आपल्याकडे तापाचे रुग्ण हातातून जातात ते औषध नसतं म्हणून फार कमी वेळा. कुणीतरी पहिल्या दिवशी ठेवलेलं नाव पुढच्या कुणीच तपासलं नाही, म्हणून जातात.

विडाल चाचणी १८९६ सालची. ती रक्तात जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मोजते. आपल्या भागात ज्याने आयुष्यभर विहिरीचं आणि टँकरचं पाणी प्यायलं, त्याच्या रक्तात ती प्रतिपिंडं आधीचीच असू शकतात. मलेरियात, यकृताच्या आजारात, दुसऱ्या तापांतही आकडा वर जाऊ शकतो. उलट खऱ्या टायफॉईडच्या पहिल्या आठवड्यात विडाल निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून एकट्या १:१६०वर चौदा दिवसांचं औषध लिहू नको. टायफॉईडचा खरा पुरावा म्हणजे ब्लड कल्चर, आणि ते अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी घ्यायचं. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त घे; दोन मिलीत जंतू सापडला नाही तर दोष जंतूचा नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवू देऊ नको, बाहेरच राहू दे आणि त्याच दिवशी धुळ्याकडे रवाना कर. सिस्टरांना हे एकदा नीट समजावलंस की पुढे त्या तुलाच आठवण करून देतील.

कल्चरचा निकाल येईपर्यंत डोळे आणि हात आहेतच. टायफॉईडचा ताप दिवसागणिक चढत जातो, डोकं ठणकतं, जीभ मध्ये पांढरी आणि कडांना लाल असते, जुलाबाइतकाच बद्धकोष्ठही असतो, प्लीहेचं टोक बोटाला लागतं. तापाच्या मानाने नाडी संथ असली तर संशय वाढव. सीबीसीत इओसिनोफिल जवळपास शून्य असतात. ते सहा-सात टक्के असतील तर दुसरं काही शोध. आणि योग्य औषध चालू असूनही टायफॉईडचा ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. तिसऱ्या दिवशी नातेवाईक ‘ताप उतरत नाही’ म्हणून घाई करतील तेव्हा अँटिबायोटिक बदलू नको. पोट दाबून बघ, शौचात रक्त आहे का विचार. तिसऱ्या आठवड्यात आतडं फाटण्याची भीती असते. पोट एकाएकी कडक झालं तर गाडी बोलाव.

आता हीच गोष्ट उलटी धर. सेफ्ट्रिअॅक्सोनचे चार दिवस झाले, ताप तसाच, प्लेटलेट उतरलेले, यकृताचे आकडे थोडे चढलेले, डेंग्यू निगेटिव्ह. असा रुग्ण दिसला की त्याचे कपडे बाजूला करून बघ. खरंच बघ. काख, जांघ, कमरेच्या नाडीखालची जागा, बाईच्या स्तनाखालची घडी, कानामागे. विडीचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली सापडली तर तो स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याची अळी चावते आणि माणसाला कळतही नाही. पावसाळा सरताना गवत कापणारे, बांधावर बसणारे, शेळ्या चारणारे यांना जास्त विचार. विदर्भात २०१८ साली नागपूरकडे याने माणसं दगावली, तेव्हा हा आजार आपल्या महाराष्ट्रातलाच आहे हे पुष्कळांच्या लक्षात आलं. खपली सगळ्यांना नसते, म्हणून नसली तरी संशय सोडू नको. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोन वेळा, सात दिवस. गरोदर बाईला अॅझिथ्रोमायसिन. मुलांनाही डॉक्सी दे, एवढ्या थोड्या दिवसांत दात बिघडत नाहीत. रुग्ण गंभीर असेल तर दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिलेली बरी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्याच मोठ्या अभ्यासात ते दिसलं. बहुधा ४८ तासांत ताप उतरतो. उतरला नाही तर तुझं निदान पुन्हा उघड. औषधाला लागणारा वेळ हीसुद्धा एक तपासणीच आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

स्त्री रुग्णाची जांघ तपासायला आपल्याकडे संकोच असतो, तिलाही आणि तपासणाऱ्यालाही. तू स्त्री डॉक्टर आहेस. पडदा ओढ, सोबत सिस्टर घे आणि तपास. मला वाटतं, तुझ्या येण्याने या तालुक्यातल्या बायकांचं सगळ्यात मोठं भलं याच गोष्टीने होईल.

डेंग्यूचं थोडं वेगळं आहे, कारण त्यात लोक निदानात फारसे फसत नाहीत, वेळेत फसतात. एनएस-वन पहिल्या पाच दिवसांत बघ, त्यानंतर आयजीएम. पण खरं लक्ष ताप उतरतो त्या दिवशी हवं. घरचे खूश होतात, सुट्टी मागतात, आणि नेमक्या त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. पोट दुखणं, सारखी उलटी, हातपाय गार, लघवी कमी, माणूस सुस्त. हिमॅटोक्रिट चढतोय आणि वरच्या-खालच्या रक्तदाबातलं अंतर वीसवर आलंय, तर प्लेटलेटच्या आकड्याकडे बघत बसू नको, सलाईनचा वेग ठरव. नुसता आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवायच्या नसतात. नातेवाईक त्यासाठी धुळे-नाशिक पालथं घालतील, त्यांना बसवून समजाव. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणि अॅस्पिरिन बंद. आणि पाणी परत रक्तात येऊ लागलं की सलाईन थांबव, नाहीतर वाचलेला माणूस फुप्फुसात पाणी भरून घुसमटतो.

गावात दिलेल्या इंजेक्शनबद्दल एकदा स्पष्ट विचार. ‘ताप पाडायचं’ म्हणून दिलेल्यात पुष्कळदा डेक्सा, म्हणजे स्टेरॉइड, असतं. तापाचा चढउतार त्याने पुसला जातो, पेशींचे आकडे फिरतात, क्षय असेल तर तो आतून पसरतो. कुणी दिलं म्हणून रागावू नको. रागावलीस तर पुढचा रुग्ण खरं सांगणार नाही.

आपलं स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर आहे, हे तुझ्या निदानाच्या कामाचं आहे. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, या सगळ्या पट्ट्यातली पोरं सुरतेत कामाला आहेत. ‘गावले कव्हय उना, भाऊ?’ हा प्रश्न प्रत्येक तापाच्या रुग्णाला विचार. दक्षिण गुजरातच्या पाणथळ भागात लेप्टोस्पायरोसिस जुना आहे. डोळे लाल पण चिपडं नाहीत, पोटऱ्या दाबल्या की ओरडतो, त्यात कावीळ आणि लघवी कमी, असा माणूस तिकडून आलेला असेल तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन लगेच चालू कर, रिपोर्टसाठी थांबू नको. १९९४च्या सप्टेंबरात सुरतेत न्यूमोनिक प्लेगची बातमी फुटली, लाखो माणसांनी शहर सोडलं, आणि आपल्याकडची माणसं याच लाइनने घरी परतली. तेव्हा टेट्रासायक्लिन मिळेनासं झालं होतं. आपल्या तालुक्याचा ताप तालुक्याच्या हद्दीतला असेलच असं नाही, हे ध्यानात असू दे.

काविळीबद्दल एक जुना नियम आहे, तो मला फार उपयोगी पडला. नेहमीच्या विषाणूच्या काविळीत डोळे पिवळे झाले की ताप ओसरतो. डोळे पिवळे आणि ताप तसाच चढता, तर मलेरिया, लेप्टो, स्क्रब, पित्तनलिकेतला संसर्ग, सिकलसेल, ही सगळी नावं एकेक करून खोड. झाडपाल्याला पाठवू देऊ नको. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कावीळ झालेली बाई कधीही साधी समजू नको. ई विषाणू तिला काही दिवसांत नेऊ शकतो. तिला पहिल्याच दिवशी धुळ्याला हलव.

उजव्या बरगडीखाली दुखतं, खोकला आहे, एक्सरेत उजवीकडे खाली थोडं धूसर, म्हणून न्यूमोनियाचं औषध चालू, असं दिसलं तर दोन बरगड्यांमधल्या फटीत एक बोट दाबून बघ. रुग्ण कळवळला आणि उजव्या खांद्यातही दुखतं म्हणाला, तर सोनोग्राफीत यकृतातलं गळू बघ. हातभट्टी पिणाऱ्या पुरुषांत हे जास्त सापडतं. मेट्रोनिडाझोलने यातली पुष्कळ माणसं शस्त्राशिवाय बरी होतात.

सिकलसेलवर मला जास्त बोलायचं आहे. शिरपूर, साक्री, नंदुरबारकडचे भिल्ल आणि पावरा कुटुंबांतले लोक आपल्या तालुक्यात सालदार म्हणून, कापूस वेचायला, वीटभट्टीवर येतात. त्यांच्यातलं एखादं पोर हातपाय धरून रडतं, थोडा ताप, डोळे पिवळसर. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘संधिवात’, ‘कावीळ’, नाहीतर पुन्हा ‘टायफॉईड’. बाप म्हणतो, दर थंडीत असंच होतं. एवढं ऐकलंस की सोल्युबिलिटी टेस्ट कर आणि पॉझिटिव्ह आली की एचपीएलसीसाठी नमुना पाठव. दर थंडीत टायफॉईड होत नसतो. या पोरांची प्लीहा लवकरच निकामी झालेली असते, म्हणून त्यांचा ताप हा कायम तातडीचा ताप: पहिल्या तासात अँटिबायोटिक, पाणी, ऊब आणि वेदनेवर पुरेसं औषध. छातीत दुखून ऑक्सिजन कमी व्हायला लागला तर रक्त द्यायची तयारी ठेव आणि वर पाठव. एकाच हाडावर सूज राहिली तर हाडात साल्मोनेला शिरला आहे का बघ. तिथे तो टायफॉईडचा भाऊबंद खरोखर सापडतो. निदान झालं की आईबापांचं आणि भावंडांचंही रक्त तपास. २०२३पासून सरकारची राष्ट्रीय मोहीम चालू आहे, त्यातलं कार्ड काढून दे. आणि मजुरी सोडून आलेल्या बापाला बाकावर तासन्‌तास ताटकळवू नको.

याच घरांत दुसरी एक गाठ असते. व्हायव्हॅक्स मलेरियाला क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस देतात, म्हणजे ताप उलटत नाही. पण जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटतात. आधी ती चाचणी कर. होत नसेल तर ‘लघवी काळी झाली तर गोळी बंद करून लगेच ये’ हे त्याच्या भाषेत सांग, आणि परत म्हणून दाखवायला लाव. गरोदर बाईला प्रायमाक्विन नाही.

क्षय कुठल्याही वेषात येतो. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी ट्रूनॅटला पाठवल्याशिवाय लिव्होफ्लॉक्सासिन लिहू नको. ते क्षयाच्या जंतूलाही थोडं मारतं. रुग्णाला चार दिवस बरं वाटतं आणि निदान दोन महिने मागे पडतं. उलट, पाठीचा मणका दुखतो, संध्याकाळी घाम, महिनाभर बारीक ताप, आणि माणूस मेंढपाळ ठेलारी किंवा शेळ्यांचं कच्चं दूध पिणारा, तर क्षयाची औषधं सुरू करण्याआधी ब्रुसेलाची तपासणी मागव. मेंढी-शेळी गाभडली होती का, तिची वार हाताने काढली का, हे विचार. हा प्रश्न पुस्तकात बारीक अक्षरात असतो. आपल्या तालुक्यात तो मोठ्या अक्षरात असायला हवा. त्याचं औषध कमीत कमी सहा आठवडे चालतं, अर्धवट सोडलं तर आजार परत येतो.

संसर्ग नसून संसर्गासारखं दिसणारं थोडं सांगतो, कारण त्यात तास नाही, मिनिटं असतात. कापसावर फवारणीच्या दिवसांत उलटी-जुलाब, घाम, लाळ आणि बारीक बाहुल्या असलेला मजूर गॅस्ट्रोचा नाही; कपडे काढून अंग धू आणि अॅट्रोपिन चालू कर. मे महिन्यात उन्हातून बेशुद्ध आणलेला माणूस मेंदूच्या मलेरियाचा समजून तपासत बसण्याआधी त्याला ओल्या कापडाने आणि पंख्याने थंड कर, मग मलेरियाही बघ. रात्री शेतावरून आणलेलं पोर थंडगार घामाने भिजलेलं आणि दम लागलेलं असेल तर न्यूमोनिया लिहिण्याआधी विंचू विचार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण दवाखान्यात रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून त्या दंशाचा हृदयावरचा परिणाम टिपला आणि प्रॅझोसिनचा उपयोग दाखवला. त्यांच्याकडेही तेव्हा मोठं इस्पितळ नव्हतं.

आणि मण्यार. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं, घसा दुखतो, गिळवत नाही म्हणून येतो. दंशाची खूण नाही, सूज नाही. त्याला वर बघायला सांग. पापण्या पडलेल्या दिसल्या तर घशाचं औषध राहू दे. प्रतिविषाच्या दहा कुप्या चालू कर, निओस्टिग्मिन-अॅट्रोपिन दे, आणि एका श्वासात आकडे मोजायला लाव. पंधरापर्यंतही पोचला नाही तर श्वास थांबायची वाट बघू नको. अंबू बॅग हातात घेऊन, तुझा एक माणूस रुग्णवाहिकेत बसवून धुळ्याच्या हिरे मेडिकल कॉलेजकडे काढ, आणि निघण्याआधी तिथे फोन कर.