धुराड्यातील पाकोळी

जुन्या इमारतींच्या छताखाली गवत आणि पिसे लाळेने चिकटवून घरटी करणारी पाकोळी तुमच्या परिचयाची असेल. तिच्याच कुळातील एक पक्षी उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात चक्क घरांच्या धुराड्यांत राहतो. पूर्वी तो जंगलातील पोकळ वृक्षांत घरटे करी. युरोपीय वसाहतवाल्यांनी जंगले तोडली आणि विटांची धुराडी उभारली, तेव्हा त्याने धुराड्यालाच पोकळ वृक्ष मानले. चूल थंड असलेल्या उन्हाळ्यात धुराडे म्हणजे अंधारी, निवांत, वाऱ्यापासून सुरक्षित अशी जागाच की!

हा पक्षी जेमतेम २० ते २५ ग्रॅम वजनाचा. उडता उडताच तो पायांनी वाळक्या काटक्या मोडून घेतो आणि लाळेने भिंतीला चिकटवून अर्ध्या बशीसारखे घरटे बनवतो. त्यात बहुधा चार-पाच अंडी असतात. जोराच्या पावसात कधी कधी हे घरटे सुटून खाली पडते.

या पक्ष्याला फांदीवर बसता येत नाही. मग उभ्या भिंतीवर तो पडत कसा नाही? त्याच्या नख्या विटांच्या खाचांत अडकतात आणि शेपटीच्या पिसांची काट्यांसारखी टोके भिंतीला टेकतात. पक्ष्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून थोडा दूर असतो. त्यामुळे वजन त्याला मागे कलंडवू पाहते. नख्या त्याला भिंतीकडे ओढतात आणि खाली शेपूट भिंतीवर रेटा देते.

समजा, पक्ष्याचे वजन २४ ग्रॅम-भार, गुरुत्वमध्य भिंतीपासून २ सेंमी दूर आणि नख्या शेपटीच्या टोकाच्या ८ सेंमी वर आहेत. शेपटीच्या टोकाभोवती वजनाचे आघूर्ण २४ × २ = ४८. ते तोलण्यासाठी नख्यांची आडवी ओढ ४८ ÷ ८ = ६ ग्रॅम-भार पुरते. वजन पेलण्यासाठी मात्र नख्यांना खाचेचा आधार हवाच. धातूच्या गुळगुळीत नळीत तो कोठून मिळणार?

येथेच अडचण सुरू होते. नव्या घरांतील धुराड्यांत धातूच्या नळ्या असतात आणि जुन्या धुराड्यांवर झाकणे बसली आहेत. शिवाय अन्नाचाही प्रश्न आहे. कॅनडातील किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठाच्या एका इमारतीच्या धुराड्यात या पक्ष्यांच्या विष्ठेचा सुमारे २ मीटर जाडीचा थर साचला होता. शास्त्रज्ञांनी तो पुस्तकाच्या पानांप्रमाणे थराथराने वाचला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९४४ ते १९९२ पर्यंतचा आहार उलगडला. ज्या थरांत डीडीटी वाढले, त्यांत भुंगेऱ्यांचे अवशेष घटले आणि ढेकूणवर्गीय किड्यांचे वाढले होते. डीडीटीमुळे भुंगेरे कमी होऊन पक्ष्यांच्या पोषणावर परिणाम झाला असावा, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. २०१८ पासून ही जात जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे.

मग घरमालकाने काय करावे? अमेरिकेत १९१८ च्या कायद्याने स्थलांतरी पक्ष्यांना संरक्षण आहे. अंडी-पिल्ले असलेले घरटे परवान्याशिवाय काढता येत नाही. हिवाळ्यात हे पक्षी दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्याकडे जातात. म्हणून ते येण्यापूर्वी धुराडे साफ करावे, उन्हाळाभर उघडे ठेवावे आणि ते गेल्यावर झाकावे. काही ठिकाणी त्यांच्यासाठी आतून खडबडीत असे लाकडी मनोरेही उभारले जातात.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. वरील उदाहरणात शेपूट आखूड असती आणि अंतर ८ ऐवजी ४ सेंमी असते, तर नख्यांना किती ओढ द्यावी लागली असती? गणित करून पाहा, म्हणजे लांब टेकूचे मोल ध्यानात येईल. आणि आपल्या गावातील पाकोळ्यांची घरटी कोठे आहेत, त्यांतून पिल्ले केव्हा उडतात, याची वहीत तारीखवार नोंद ठेवा. घराची रंगरंगोटी त्यानंतर करा, असे मोठ्यांना सांगता येईल.