वृद्ध वारकऱ्यांना वाचनाविषयी कसे विचारावे

वारीच्या मुक्कामी एखाद्या वृद्ध माउलीस 'आजी, तुमचं वाचन काय काय झालं?' असे विचारले, तर बहुधा उत्तर येते, 'मला कुठं अक्षर येतं, बाबा!' विचारणारा तेथेच थांबतो. आमच्या मते येथे प्रश्नच चुकला. एकाने पोथी वाचावी आणि दहांनी ऐकावी, ही आपली जुनी चाल. म्हणून 'पोथी कोण वाचायचं? तुम्ही कुठं बसायचात?' असे पुसावे. मग बघा, चातुर्मासात भांगलण करून आल्यावर ऐकलेला अध्याय, वाचणाऱ्याचा आवाज, कंदिलाची काजळी, सारे ओळीने येते. अथपासून इतिपर्यंत हरिपाठ मुखोद्गत असलेली बाई स्वतःस अडाणी म्हणवते, याचे आम्हांस फार वाईट वाटते.

काहींना अक्षर उशिरा लाभले. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तीत मोठी माणसे पाटीवर गिरवू लागली. त्यांतले जे आज आहेत, त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. पाठ असलेला अभंग प्रथम छापील दिसला तेव्हा कसे वाटले, हे त्यांना जरूर विचारावे.

बोलताना त्यांच्या मुखी एखादा शब्द पुस्तकाहून निराळा येईल. लागलीच चूक दाखवू नये. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठाची काळजी आपल्या संप्रदायास नवी नव्हे. पण बाबांनी कोणत्या प्रतीवरून पाठ केले, हे आधी कळले पाहिजे. गाथ्याच्या तर निरनिराळ्या प्रतींत अभंगांचे क्रमांकही जुळत नाहीत. आकडा विचाराल तर ते गोंधळतील, ध्रुपद विचारा.

दृष्टी मंदावली की पारायणाला बसणे सुटते. हे दुःख सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. मोतीबिंदू झाला, एवढेच सांगतात. सुमारे नऊ हजार ओव्या वर्षानुवर्षे डोळ्यांखालून घातलेला ग्रंथ मग फडक्यात बांधून फडताळात राहतो. अशा वेळी नुसती चौकशी करून उठू नये. 'बाबा, कुठवर आला होता?' म्हणावे, खुणेचे पान काढावे, आणि तेथून पुढे आपण मोठ्याने वाचावे. घाई नको. मध्येच आपल्याला थांबवून ते स्वतःच पुढची ओवी म्हणू लागले, तर ओळीवर बोट ठेवून ऐकत राहावे.