कंपनी चांगली, पण कोणत्या भावाला?

तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर दीर्घ मुदतीसाठी घेतलेत असं कुणी तरुण सांगतो, तेव्हा मी आधी भाव विचारतो. ही सवय मला २००० सालानं लावली. पुण्यात तेव्हा डब्याच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. त्या मार्चमध्ये अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक ५,०४८ वर गेला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर आला.

बुडालेल्या कंपन्यांचं सोडा. मला खरं शिकवलं ते टिकलेल्या मायक्रोसॉफ्टनं. २०१४ पर्यंत तिचा वार्षिक नफा २००० च्या दुपटीहून जास्त झाला होता. तरीही डिसेंबर १९९९ चा उच्चांक शेअरला पुन्हा गाठायला १६ वर्षांहून अधिक काळ लागला. ज्यांनी त्या उच्चांकाला शेअर घेतला, त्यांनी कंपनी अचूक निवडली होती. दिलेला भाव मात्र पुढची सारी वाढ आधीच खाऊन बसला होता.

हिशेब कागदावर मांडून बघा. समजा, शेअर वार्षिक नफ्याच्या १०० पटीला मिळतोय. नफा दहा वर्षं दरसाल २० टक्के वाढला, तर तो सहापटीच्या थोडा वर जातो. (एवढी वाढ इतकी वर्षं टिकवणाऱ्या मोठ्या कंपन्या फार थोड्या.) पण तोवर बाजार २५ पटच द्यायला लागला, तर भाव जेमतेम दीडपट होतो, म्हणजे वर्षाला साधारण साडेचार टक्के. तोच शेअर ४० पटीला घेतला असता, तर परतावा साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जातो.

भाव पडला म्हणजे शेअर स्वस्त झाला, असंही नाही. नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचा शेअर २००० मध्ये ८० डॉलरच्या घरात होता. ४० डॉलरला तो अनेकांना अर्ध्या किमतीत मिळाल्यासारखा वाटला. २००२ मध्ये तो १० च्याही खाली गेला. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा नफा तेजीच्या वर्षी फुगतो आणि पीई (भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) फसवा कमी दिसतो, म्हणून तिथं पाच-सात वर्षांची सरासरी धरावी. कर्मचाऱ्यांना दरवर्षी नवे शेअर वाटले जात असतील, तर एकूण नफ्याऐवजी प्रतिशेअर नफा पाहावा.

ऑर्डर टाकण्याआधी तीन आकडे स्वतःच्या हातानं लिहा: नफा किती टक्के वाढेल, किती वर्षं वाढेल आणि शेवटी बाजार किती पट देईल. ते लिहिता येत नसतील, तर त्या दिवशी खरेदी करू नका.