फॉरमॅट मारण्यापूर्वी

सदाशिव पेठेतील माझ्या घरी ज्या संगणकावर मोडी कागदांच्या छायाचित्रांवरून देवनागरी नकला करण्याचे काम चालते, त्यावर उबुंटू लिनक्स आहे. एके संध्याकाळी नेहमीचे अपडेट आटोपून यंत्र पुन्हा चालू होत असता पडद्यावरून पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर सरकल्या, ‘कर्नल पॅनिक’ या शब्दांनी आरंभ होणारी एक ओळ उमटली, आणि त्यानंतर कळफलकावरची कोणतीही कळ दाबली तरी काही हालेना. त्या ओळीच्या अखेरीस कंसात दोन शून्ये होती. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर यंत्र दृष्टीसही पडण्याच्या आत त्याने निकाल दिला: “काका, फॉरमॅट मारावा लागेल. उद्या घेऊन या, विंडोज टाकून देतो.”

या वाक्याला होकार देण्यापूर्वी वाचकाने क्षणभर थांबावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे. कर्नल बदलल्यानंतर जे यंत्र उठत नाही, त्याच्या डिस्कवरील दप्तर बहुधा जसेच्या तसे शाबूत असते. वर्षानुवर्षांच्या नकला, घरची छायाचित्रे, हिशेब यांचा नाश होतो तो मागाहून घाईने केलेल्या उपायामुळे.

कर्नल हा यंत्राचा मुख्य कारभारी. पण नवा कारभारी रुजू झाला म्हणून उबुंटू जुन्याला लागलीच निरोप देत नाही, त्याला वाड्यातच ठेवून घेते. यंत्र चालू करताच, जुन्या बायॉसचे असेल तर शिफ्ट कळ दाबून धरावी आणि यूईएफआयचे असेल तर एस्केप दाबावी, म्हणजे ग्रब या बूट-प्रोग्रामची यादी पुढे येते. तीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून आधीच्या आवृत्तीचा कर्नल निवडावा. माझे यंत्र त्याच वाटेने उठले. यानंतर पहिले काम दुरुस्तीचे नव्हे. सगळे महत्त्वाचे कागद बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत आणि मगच कारणाच्या शोधास लागावे.

माझ्या बाबतीत कारण असे निघाले की, डिस्क सांकेतिक कुलुपात ठेवल्यामुळे इन्स्टॉलेशनच्या वेळी ‘बूट’ नावाचा एक लहानसा विभाग वेगळा पडला होता, आणि तो तुडुंब भरला होता. प्रत्येक कर्नलबरोबर त्या विभागात ‘इनिटरामएफएस’ नावाची एक गाठोडीवजा फाइल तयार होते; डिस्क ओळखण्यास व तिचे कुलूप उघडण्यास लागणारी साधने तीत असतात आणि हल्ली तिचा आकार 100 एमबीच्याही पुढे जातो. जागेअभावी ती तयारच झाली नाही, तेव्हा नव्या कर्नलला मूळ डिस्क सापडेना. कंसातल्या दोन शून्यांचा अर्थ तोच.

उपाय करताना क्रम फार जपावा लागतो. ‘डीएफ’ या आज्ञेने बूट विभागातील शिल्लक जागा पाहावी, ‘यूनेम’ने सध्या कोणता कर्नल चालू आहे याची खातरजमा करावी, आणि तो सोडून बाकीचे निरुपयोगी जुने कर्नल ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने काढावेत. त्या विभागातील फाइली हाताने पुसण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यास पॅकेजांच्या नोंदवहीत कर्नल हजर आणि डिस्कवर गैरहजर, असा घोळ माजतो. जागा झाली की अर्धवट राहिलेली मांडणी ‘डीपीकेजी’च्या कॉन्फिगरने पुरी करावी, नव्या कर्नलसाठी इनिटरामएफएस पुन्हा बनवावी, ग्रबची यादी ताजी करावी. पॅनिकऐवजी पडदा नुसताच काळा राहत असेल, तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर घ्यावा. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ शब्दाने आरंभ होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहून तात्पुरते आत जाता येते.

अपडेटनंतर यंत्र न उठण्याचा हा दोष लिनक्सपुरताच आहे असेही नाही. 19 जुलै 2024 रोजी एका सुरक्षा-प्रणालीची सदोष फाइल जगभर पोहोचली आणि सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या देशातल्या काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेथेही डिस्कवरचा मजकूर सुरक्षित होता, आणि अडलेल्या यंत्रांवर सेफ मोडमध्ये शिरून तेवढी एक फाइल काढणे हाच मुख्य उपाय ठरला.

ग्रबची यादीच दिसत नसेल, तर उबुंटू भरलेल्या पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून डिस्क वाचता येते. मात्र कुलुपाचा पासवर्ड आठवणीत हवा. तेही न साधल्यास यंत्र दुकानात न्यावे, परंतु ते हाती देताना पावतीवर ‘डिस्क पुसू नये, आधी विचारावे’ एवढे लिहून घ्यावे आणि त्याखाली दुकानदाराची सही घ्यावी.